‘सकर’ घेण्यापूर्वी

महोदय,
घरच्या माशांच्या टाकीतले शेवाळ साफ करतो म्हणून विकला जाणारा दोन इंची ‘सकर’ मासा बहुतेक वेळा प्लेको असतो. तो फूट-दीड फूट वाढतो, मुळे उपटतो, अमेझॉन स्वोर्ड या टाकीतल्या रुंद पानांच्या झाडाची पाने खरवडून त्यांची जाळी करतो, आणि मोठा झाल्यावर शेवाळाकडे फारसे बघतही नाही. मग कंटाळून लोक त्याला ओहोळात किंवा तळ्यात सोडतात. कृपा करून हे करू नका! देशातल्या अनेक तळ्यांत तो बेसुमार वाढला आहे.

झाडे लावलेल्या दोन फुटी टाकीसाठी ऑटोसिंक्लस हा शेवाळ खाणारा छोटा मासा घ्यावा. जेमतेम 4 सेंटिमीटरचा, पण एकटा नको, निदान सहा हवेत. टाकी दोन-तीन महिने मुरलेली असावी. नव्या टाकीत काचेवर शेवाळाचा थरच नसतो आणि तो उपाशी मरतो. दुकानात काचेला चिकटलेला असताना त्याचे पोट पाहा. आत ओढलेले असेल तर घेऊ नका. घरी आणल्यावर पिशवीतल्या पाण्यात टाकीचे पाणी तासभर थेंबथेंब मिसळून मगच सोडा. शेवाळ संपले की काकडीची चकती मिनिटभर उकळून रात्री टाका, सकाळी आठवणीने काढा, नाहीतर पाणी नासते.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पाणी 30 अंशांवर जाते, प्राणवायू घटतो. पृष्ठभागावर छोटा पंखा लावावा, रात्री एअर पंप चालू ठेवावा.

काळे केसाळ शेवाळ मात्र ऑटोसिंक्लस खात नाही. त्यासाठी दिवा सहा-सात तासांवर आणावा.

– एक मत्स्यपालक, म्हापसा