जुन्या रेडिओंसाठी खानदेशात ‘एएम नेट’ सुरू व्हावे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील परवानाधारक हौशी रेडिओचालकांनी, म्हणजे ज्यांना आपण ‘हॅम’ म्हणतो त्यांनी, दर रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी ४० मीटर बँडवर, म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झच्या लघुलहरींवर, एकत्र यावे, केवळ जुन्या व्हॉल्व्हच्या (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) रेडिओंविषयी बोलावे आणि ते बोलणे एएम पद्धतीनेच, म्हणजे जुन्या रेडिओला थेट ऐकू येईल अशा पद्धतीनेच करावे, अशी सूचना मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. अशा ठरलेल्या भेटीला हॅम मंडळी ‘नेट’ म्हणतात.

एएमचा आग्रह का, हे सांगणे आवश्यक आहे. आज या बँडवर बहुतेक संभाषण एसएसबी (सिंगल साइडबँड) या काटकसरीच्या पद्धतीने चालते. ती कमी जागा घेते आणि कमी शक्तीत लांब पोहोचते, हे खरे. पण तिच्यात वाहक लहर (आवाज वाहून नेणारी मूळ लहर) नसल्यामुळे घरातल्या जुन्या रेडिओवर नुसती बदकासारखी कलकल ऐकू येते. एएममध्ये तसे होत नाही. भारतात हौशी सेवेला ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा मिळालेला आहे आणि ज्या ४१ मीटरच्या खुणेजवळ आपले वडीलधारे रेडिओ सिलोन शोधत, तिच्या तो अगदी शेजारी आहे. सुई तिथून किंचित ४२ मीटरकडे सरकवली, की तो संच आपले संभाषण थेट ऐकवू शकतो. म्हणजे बोलणारे दहा-बाराच असले, तरी ऐकणाऱ्याला नवे यंत्र घ्यावे लागणार नाही. आजोबांचा रेडिओच पुन्हा कामाला लागेल. एखादा जुना संच दुरुस्त करण्याला याहून चांगले निमित्त मला सुचत नाही.

अंतराचीही अडचण नाही. धाब्यावरून समोरच्या कडुलिंबापर्यंत बांधलेली सुमारे वीस मीटर लांबीची साधी डायपोल तार दिवसा या बँडवर लहरी जवळजवळ सरळ वर पाठवते आणि त्या आयनावरणावरून (वातावरणातील उंचावरच्या विद्युतभारित थरावरून) परतून शेकडो किलोमीटरच्या परिसरात उतरतात. त्यामुळे रावेरचे बोलणे शहाद्याला पोहोचण्यात सातपुड्याच्या रांगा आड येत नाहीत, जे हातातल्या व्हीएचएफ (बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीच्या) संचाला जमत नाही.

गेल्या वर्षी यावल तालुक्यातील एका केळी उत्पादकाच्या घरी मी असाच एक संच उघडला. मागचा पुठ्ठा काढला तेव्हा आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर कुंभारमाशीचे मातीचे घर होते, डायलचा दोरा तुटून स्टेशन लावणाऱ्या गँग कंडेन्सरच्या चाकाभोवती गुंडाळला गेला होता आणि काचेवर दिल्ली, सिलोन ही नावे मात्र शाबूत होती. व्हॉल्व्ह सगळे चांगले निघाले. बिघडले होते ते कागदी कंडेन्सर आणि वीजपुरवठा स्थिर करणारे फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर. जुन्या संचांत बहुतेक वेळा हेच होते, आणि ते थोडक्या खर्चात बदलता येते. याउलट माझ्या वडिलांचा संच तीस वर्षांनी एका नातेवाइकाने कौतुकाने सरळ प्लगला लावला. फिल्टर कंडेन्सर शॉर्ट झालेले होते, मिनिटभरात धूर निघाला आणि पॉवर ट्रान्सफॉर्मर जळाला. तसा ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून देणारा माणूस मला अजून सापडलेला नाही. ही हळहळ आजही जात नाही.

नेटवर बोलायचे ते हेच. बंद संच प्रथम सिरीज बल्बमधून (वीज आधी एका बल्बातून जाऊ देऊन) का चालू करावा. स्पीकर चालवणाऱ्या आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे (आवाजाचा संकेत घेणाऱ्या टोकाकडे) जाणारा कपलिंग कंडेन्सर गळका असेल तर काय जळते. एसी-डीसी संचाचा चॅसिस थेट विजेच्या तारेला जोडलेला असल्यामुळे त्याला हात लावणे किती धोक्याचे आहे. ४५५ किलोहर्ट्झच्या आयएफटीचे (संचाच्या आत जुळवून ठेवलेल्या ट्रान्सफॉर्मरचे) स्क्रू अकारण का फिरवू नयेत. भुसावळ, अमळनेर, चोपडा अशा गावांत एकेकाळी रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर आज सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत आणि हे सारे त्यांना हातातून येते, कागदावर फारसे नाही. एखाद्या हॅमने त्यांना आपल्या घरी बोलावून हे समजून घेतले आणि नेटवर सांगितले, तर त्यांचे ज्ञान एका तालुक्यापुरते उरणार नाही.

काही बंधने मात्र पाळावीच लागतील. परवान्याशिवाय बोलता येत नाही. हौशी बँडवर गाणी वाजवता येत नाहीत आणि खरेदी-विक्रीही करता येत नाही, त्यामुळे जुन्या संचांचे सौदे नेटवर नकोत. एएमला एसएसबीच्या जवळजवळ दुप्पट जागा लागते. म्हणून फ्रिक्वेन्सी रिकामी असल्याची खात्री आधी ऐकून करावी आणि तासाभरात नेट आवरावे. ज्यांना बोलायचे आहे त्यांच्यासाठी केंद्र सरकारच्या डब्ल्यूपीसी शाखेची परीक्षा आहे. बारा वर्षांपुढील कोणीही ती देऊ शकतो आणि रिस्ट्रिक्टेड (मर्यादित) श्रेणीसाठी मोर्स या तारायंत्राच्या सांकेतिक लिपीची अट नाही.

पहिले काही महिने नेट कंट्रोलची, म्हणजे नेटच्या सूत्रसंचालनाची, जबाबदारी घेण्यास मी तयार आहे. प्रत्येक जिल्ह्यातून किमान दोन, एएमवर बोलू शकणारी हॅम केंद्रे पुढे आली, तर पावसाळा संपताच, आकाशातील कडकडाट कमी झाल्यावर आरंभ करता येईल. तोवर ज्यांच्या माळ्यावर असा संच आहे, त्यांनी तो खाली काढून पुसून ठेवावा, पण प्लगला लावू नये.

आपला,
एक हौशी रेडिओचालक,
अमळनेर