कोकुमच्या स्वयंपाकघरातून

विनिपेग, कॅनडा,
१९ ऑक्टोबर

प्रिय वंदे,

तुझा परवाचा व्हॉइस मेसेज मी तीनदा ऐकला. पनवेलला गाळा बघतेयस, वीटभट्ट्या सोडून शहराच्या कडेला आलेल्या कातकरी कुटुंबांसाठी काहीतरी उभं करायचंय, आणि "तुमच्याकडे शहरातल्या आदिवासींसाठी काय करतात ते नीट लिहून पाठव, फोनवर नको" असं बजावलंस. म्हणून आज इथल्या आदिवासींच्या केंद्रातलं शनिवारचं काम उरकून लिहायला बसलेय. हाताला अजून तळणीचा वास येतोय.

तो वास बॅनकचा. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि पाणी एकत्र करून थापायचं आणि तळायचं. जाडी आपल्या घारग्याच्या तिप्पट. पहिल्या दिवशी मी सवयीनं पीठ कणकेसारखं तिंबायला घेतलं, तर शेजारच्या म्हातारीनं माझं मनगट धरलं. "एवढं नको मळू, चिवट होतं." तिला सगळे कोकुम म्हणतात. आपलं आमसुलाचं कोकम नव्हे गं, क्री या इथल्या आदिवासींच्या भाषेत कोकुम म्हणजे आजी. डोक्याला मोठ्या लाल फुलांचा रुमाल, हात पिठानं कोपरापर्यंत पांढरे. इथल्या पोरांच्या पणज्यांना रानातून उठवून रिझर्व्हवर, म्हणजे आदिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, बसवलं तेव्हा रेशनला मैदा आणि चरबी मिळायची, त्यातून हा पदार्थ घरोघर रुजला, असं तीच सांगते. ती तळते, मी परातीत काढते. सकाळी अकरापासून लोक येऊ लागतात.

मी इथे नवीन होते तेव्हा बसमधून जाताना एका पाटीवर 'इंडियन अँड मेटी फ्रेंडशिप सेंटर' असं वाचलं आणि आपल्या माणसांचं मंडळ असेल असं वाटलं. तो 'इंडियन' म्हणजे इथला मूळचा माणूस. सरकारी कायद्यातला जुना शब्द, पाटीवर राहून गेलेला. आज लोक फर्स्ट नेशन्स, मेटी (म्हणजे आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचे), इन्युइट म्हणतात. घरात तर क्री, ओजिब्वे, डेने अशी आपापली नावं. पण पाटीतल्या 'फ्रेंडशिप' शब्दानं मला धरून ठेवलं. मैत्री केंद्र! सरकारी भाषेत कल्याण, पुनर्वसन, लाभार्थी असले शब्द असतात, आणि या लोकांनी आपल्या संस्थेला मैत्रीचं नाव दिलं.

देशातलं पहिलं मैत्री केंद्र याच शहरात, १९५९ साली निघालं. त्याआधीच्या पिढ्यांना शहर म्हणजे बंदच दार होतं. १८८५ नंतर कित्येक दशकं या माळप्रदेशात रिझर्व्हबाहेर पाऊल टाकायला सरकारी एजंटाची चिठ्ठी लागायची. स्वतःच्याच मुलखात! पुढे रोजगारासाठी, शिकायला, दवाखान्यासाठी माणसं शहरात येऊ लागली, तेव्हा त्यांना ना कुणी ओळखीचं, ना राहायला खोली. मग त्यांच्यातल्याच काहींनी हात धरायला सुरुवात केली. टोरोंटो, व्हँकुव्हरलाही असेच गट जमले. १९७२ मध्ये राष्ट्रीय संघटना झाली आणि आता देशभर शंभराहून अधिक केंद्रं आहेत. २०२१ च्या जनगणनेत कॅनडातले आदिवासी १८ लाख, त्यातले १ लाखाहून जास्त विनिपेग परिसरात. दुसऱ्या कुठल्याही कॅनेडियन शहरात एवढे नाहीत.

केंद्रात चालतं काय, हे तू विचारलंस. यादी करायला गेले तर तुला ती कुठल्याही संस्थेची वाटेल. त्यापेक्षा एक बाई सांगते.

उत्तरेकडच्या रिझर्व्हवरून ती विमानानं आली होती, चार वर्षांच्या मुलाच्या कानाच्या उपचारासाठी. तिकडे बारमाही रस्ता नाही. आठवड्याचं काम होतं, ते सहा आठवड्यांवर गेलं. मी जिथे नोकरी करते तिथेच मला ती पहिल्यांदा भेटली. खिडकीवर तिला तीन वेळा तोच प्रश्न विचारला गेला: खर्च कोणाच्या खात्यावर? रिझर्व्हच्या माणसाचा म्हणजे ओटावाच्या केंद्र सरकारचा, की शहरात राहतेय म्हणून प्रांताचा? ती मुलाला मांडीवर घेऊन बसली होती आणि खिडकीतली माणसं एकमेकांना फोन करत होती. खोली बघायला गेली तर फोनवर "रिकामी आहे" म्हणणाऱ्या मालकानं तिला दारात बघून "आत्ताच गेली" सांगितलं. वंदे, तो मालक आपल्याच देशातला होता. मी इथे आले तेव्हा आपल्याच लोकांनी मला पहिली शिकवण दिली होती, "नॉर्थ एंडला जाऊ नकोस, मेन स्ट्रीटवर उतरू नकोस, ते लोक असतात तिथे." ज्यांच्या जमिनीवर येऊन आपण घरं घेतली, त्यांच्याबद्दल! मी ते ऐकून घेतलं आणि चार वर्षं त्या रस्त्यानं गेले नाही, याची मला आजही लाज वाटते.

ती बाई केंद्रात आली तेव्हा कोणी तिला कार्ड, म्हणजे सरकारदरबारी 'इंडियन' असल्याचं ओळखपत्र, विचारलं नाही. आधी सूप दिलं. मुलाला बुटांच्या ढिगाऱ्यातून बर्फाचे बूट काढून दिले. मग तिथली कार्यकर्ती तिच्या शेजारी बसली आणि "तुझी माणसं कुठली?" एवढंच विचारलं. दहा मिनिटांत दोघींची कुठल्यातरी मावशीकडून ओळख निघाली. खोली, बसचा पास, खिडकीवर सोबत जाऊन बसणं, हे सगळं त्यानंतर. खिडकीवर त्या दिवशी फोनाफोनी झाली नाही. सोबत कोणी असलं की आवाज बदलतो, हे तू तहसील कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी लोकांबरोबर जातेस तेव्हा रोज बघतेसच.

'खर्च कोणाचा' या भांडणात इथे एक मूल गेलंय. नॉर्वे हाउस क्री नेशन या आदिवासी समुदायाचा जॉर्डन रिव्हर अँडरसन, जन्म १९९९ चा. जन्मापासून दुखणाईत, विनिपेगच्या रुग्णालयात. दोन वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता घरच्यासारख्या जागी ठेवा. पण तिथल्या शुश्रूषेचा पैसा ओटावानं द्यायचा की मॅनिटोबा प्रांतानं, यावर दोन सरकारं वाद घालत बसली. २००५ मध्ये, पाच वर्षांचा असताना, तो रुग्णालयातच गेला. २००७ मध्ये संसदेनं त्याच्या नावानं तत्त्व मान्य केलं: आधी मुलाला लागेल ते द्या, हिशेब मागाहून करा. तरी अंमल होईना. २०१६ मध्ये मानवाधिकार न्यायाधिकरणानं सरकारला बजावलं. कोकुम हा विषय निघाला की तळण थांबवते.

तिचं स्वतःचंही कार्ड गेलं होतं. सरकारी नोंदीत 'इंडियन' नसलेल्या माणसाशी लग्न केलं की बाईचं 'इंडियन' असणं कायद्यानंच संपायचं. १९८५ मध्ये कायदा बदलला तेव्हा तिला ते परत मिळालं. मधल्या काळात ती कोण होती? म्हणूनच केंद्राच्या दारात कागद न विचारण्याचा एवढा आग्रह आहे. कागद काढून द्यायला मदत करतात, पण सूप मिळायला कागद लागत नाही.

आता मुलांचं लिहिते, आणि हे वाचून रागावू नकोस. इथे दीड लाखाहून अधिक मुलं घरातून उचलून निवासी शाळांत घातली गेली. केस कापले, भाषा तोंडातून काढली. त्यातली शेवटची १९९० च्या दशकात बंद झाली, म्हणजे आपण दहावीला होतो तेव्हा. शाळा गेल्या, पण मुलं उचलणं थांबलं नाही: २०२१ मध्ये देशातल्या १५ वर्षांखालच्या मुलांत आदिवासी ७.७ टक्के होती, आणि फॉस्टर घरांतल्या, म्हणजे आईबापांपासून काढून दुसऱ्यांच्या घरी ठेवलेल्या, मुलांत ५३.८ टक्के. बाळंतपणाच्या आधीच रुग्णालयाला 'या आईवर लक्ष ठेवा' अशी सूचना जायची. मॅनिटोबानं ती पद्धत २०२० मध्ये बंद केली. अशा शहरात कुठली आई मदत मागायला ऑफिसात जाईल? मदत मागितली की मूल जातं, हेच तिनं पाहिलेलं.

याला उत्तर म्हणून इथल्या आदिवासींनी १९८४ मध्ये 'मा मावी वी ची इताता' नावाची संस्था काढली. ओजिब्वेत अर्थ असा की आपण सगळे मिळून एकमेकांना मदत करू. मूल काढून नेण्याचा अधिकार त्यांनी स्वतःकडे घेतलाच नाही. त्यामुळे आई घाबरत नाही. मुलाचं काय करायचं ते ठरवायला आजी, काका, मामा, शेजारी सगळे गोल बसतात आणि तोडगा घरातूनच निघतो. उत्तरेत नेल्सन हाउस नावाच्या वस्तीत तर आणखी पुढे गेलेत: घरात धोका असेल तर मुलाला नाही, आईबापांना काही दिवस बाहेर काढतात. मूल आपल्या अंथरुणात झोपतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाटलं, इतकी साधी गोष्ट एवढी वर्षं कोणाला सुचली कशी नाही!

तुझी आश्रमशाळा त्या शाळांसारखी नाही, मला माहीत आहे. तुझ्या मुली सुट्टीत घरी जातात, तू त्यांना पोटाशी धरतेस. पण तूच एकदा म्हणाली होतीस की वर्गात कातकरी बोली कोणी बोललं की बाकीच्या हसतात. पनवेलच्या गाळ्यात तरी ती बोली हसण्यावारी जाऊ देऊ नकोस. इथे केंद्रात आठवड्यातून दोनदा पोरं कोकुमकडून क्री शिकतात. त्यांच्या आयांना ती येत नाही, म्हणून आयाही मागच्या बाकावर बसतात. वर्गाआधी शिंपल्यात सेज नावाच्या सुगंधी झुडपाची पानं पेटवून धूर अंगावर घेतात; बाळंतिणीच्या खोलीतल्या धुरीचीच आठवण होते. एकेकाळी त्यांचे विधीही कायद्यानं बंद होते, १९५१ पर्यंत.

रात्रीची गस्तही आहे, बेअर क्लॅन पेट्रोल. १९९२ ची, मध्ये थंडावलेली. २०१४ मध्ये टीना फाँटेन नावाच्या पंधरा वर्षांच्या मुलीचा मृतदेह रेड नदीत सापडला आणि मग लोक पुन्हा रस्त्यावर चालू लागले. हातात शस्त्र नाही. रस्त्यावर पडलेल्या नशेच्या सुया उचलतात, पाणी, खाऊ देतात, एकट्या पोरींना घरी सोडतात.

सगळं गोड नाही गं. अनुदान वर्षा-वर्षाचं असतं आणि इथलंही आर्थिक वर्ष ३१ मार्चलाच संपतं. फेब्रुवारीपासून कार्यकर्त्यांच्या तोंडावर एकच प्रश्न: एप्रिलला मी असेन का? लोकांचा विश्वास बसायला दोन वर्षं लागतात आणि तो बसला की नेमकी ती मुलगी जाते. मला हे चुकीचं वाटतं, आणि मी हे बैठकीत बोललेही.

म्हणून तुला माझं आग्रहाचं सांगणं: गाळा घेतलास की रजिस्टर नंतर मांड, आधी चूल मांड. कातकरणींपैकीच कोणी एक मोठी बाई शोध, वाडीतले सगळे जिला ओळखतात अशी, आणि स्वयंपाकघर तिच्या हाती दे. पगार देऊन, मानधनाच्या नावाखाली तोंडाला पानं पुसू नकोस. तू दाराजवळ बसू नकोस, ती बसू दे. भट्टीवाले दिवाळीनंतर मुकादमाबरोबर निघतात, त्याआधी दार उघडं असायला हवं.

मी कोकुमला तुझं सांगितलंय. तिनं विचारलं, "तिकडची कोकुम काय तळणार?" मी सांगितलं, तांदळाची भाकरी, आणि पावसाळ्यात खेकडे. तिला खेकडे कसे पकडतात ते हवंय. तुझ्या पोरींकडून नीट विचारून लिही, मी तिला वाचून दाखवीन.

काकांना नमस्कार, छोटीला पापा.

तुझी,
सुनी