डिअरी सर, तुमचे आभार राहून गेले होते

आदरणीय इयन डिअरी सर,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्कॉटलंडमधले मानसशास्त्रज्ञ, तुम्हाला मराठी येत नाही, त्यामुळे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल अशी आशा नाही. तरी लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय. कारण बुद्धिमत्तेच्या मोजमापाच्या ज्या विषयात तुम्ही माझे कान उपटलेत, तो मी कित्येक वर्षं चारचौघांतच चुकीचा सांगत होतो.

मी सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी, कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. ‘बुद्धिमत्ता’ हे प्रकरण आलं की माझा आवाज चढायचा. बुद्ध्यंक म्हणजे थोतांड, माणूस काय आकड्यात मावतो का, वगैरे. पोरं खूश व्हायची. त्या आवेशाचं मूळ मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. सातवीची स्कॉलरशिप. मराठी, गणितात बरे मार्क आणि ‘बुद्धिमत्ता चाचणी’च्या पेपरात 100 पैकी 38. आरशातली प्रतिमा, गटात न बसणारं पद, सांकेतिक भाषा. सगळ्यात आडवा झालो होतो. निकालाच्या दिवशी एक गुरुजी सगळ्यांसमोर म्हणाले, “पाठांतर आहे रे, डोकं नाही.” ते वाक्य माझ्याबरोबर एम.ए.पर्यंत आलं.

बुद्धिमत्तेवरचं तुमचं 2001चं छोटं पुस्तक मी हातात घेतलं ते चुका काढायलाच. पण त्यात ती रजिस्टरं भेटली.

1 जून 1932. स्कॉटलंडमधल्या शाळांत त्या दिवशी 1921 साली जन्मलेल्या 87,498 मुलांना एकच पेपर दिला गेला. 71 प्रश्न, 45 मिनिटं. म्हणजे देशातली त्या वयाची जवळपास सगळीच पोरं. 1947 साली पुन्हा तेच, 1936 साली जन्मलेल्या 70,805 मुलांसाठी. नाव, जन्मतारीख, शाळा, मिळालेले गुण, सगळं हातानं लिहिलेलं. मग ती रजिस्टरं बासनात गेली. आमच्याकडे असली दप्तरं एक तर कसरीच्या पोटात जातात, नाहीतर रद्दीवाल्याकडे. तुमच्याकडची मात्र तळघरात शाबूत राहिली आणि 1997 साली तुम्ही आणि ॲबर्डीनचे लॉरेन्स व्हॉली यांनी ती हुडकून काढलीत. तोवर 1921 साली जन्मलेली ती मुलं पंचाहत्तरी ओलांडून गेलेली.

पुढे तुम्ही जे केलंत ते मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगतो. 1 जून 1998, बरोबर 66 वर्षांनी, ॲबर्डीनच्या म्युझिक हॉलमध्ये सत्त्याहत्तरीच्या आज्या-आजोबांना बोलावून तोच पेपर हातात ठेवलात. वेळही तेवढाच. कुणी चष्मा पुसत असेल, कुणी शेजारच्याच्या पेपरात डोकावत असेल. (हे माझ्या पदरचं. पण डोकावलं असणारच.)

एकूण 101 जणांचे दोन्ही वेळचे गुण तुम्ही ताडून पाहिलेत. सहसंबंध (1 म्हणजे तंतोतंत मेळ, 0 म्हणजे काहीच मेळ नाही) 0.63 निघाला, आलेली मंडळी मुळात जरा वरच्या गुणांची होती, ते धरून दुरुस्त केल्यावर 0.73. अकराव्या वर्षी पुढे असलेली मुलं सत्त्याहत्तराव्या वर्षीही बहुतेक पुढेच. थोतांडाचे आकडे 66 वर्षं असे टिकत नाहीत. माझं भाषण तिथेच संपलं.

पण तुम्ही मला तिथे सोडलं नाहीत. 0.73चा वर्ग केला की निम्म्याच्या जरासं वर येतं. म्हणजे म्हातारपणी माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला साधारण निम्मा बालपणीच्या गुणांनी कळतो. उरलेला निम्मा कुठून येतो, हेच पुढे तुमचं काम झालं. आणि सरासरी गुण तर अकरापेक्षा सत्त्याहत्तराव्या वर्षी चक्क वाढले होते!

मला सगळ्यात उपयोगी पडली ती कॉफीची गोष्ट. 1936 साली जन्मलेल्या, सत्तरीला आलेल्या मंडळींत कॉफी पिणारे चाचण्यांत वरचढ दिसत होते. दुसरा कुणी असता तर उद्या पेपरात ‘कॉफी प्या, डोकं तल्लख ठेवा’ छापून आलं असतं. तुमच्याकडे अकराव्या वर्षाचे गुण होते. ते हिशेबात घेतल्यावर कॉफीचा गुण जवळपास उडाला. हुशार मुलंच मोठी होऊन कॉफी पीत होती! तेव्हापासून बुद्धी वाढवणाऱ्या क्लासची आणि सिरपची जाहिरात वाचली की मी एकच विचारतो: आधीचे मार्क कुठायत? आई रोज शब्दकोडं सोडवते म्हणून तिचं डोकं शाबूत, असं शेजारी म्हणतात. मी हसतो. आईचं डोकं कोडं हाती यायच्या आधीपासून तसंच आहे.

तुमच्या त्याच 1936च्या मंडळींवरून थॉमस बाक आणि तुम्ही 2014 साली दाखवलंत की दोन किंवा जास्त भाषा येणाऱ्यांची म्हातारपणची कामगिरी बालपणीच्या गुणांवरून वाटेल त्याहून बरी होती, भाषा मोठेपणी शिकली असली तरी. हे वाचून मी कानडी शिकायला घेतलं. प्रगती विचारू नका.

आणि तो पेपर ज्या मालिकेतला, ती मरे हाउस चाचण्यांची मालिका उभारणारे गॉडफ्री थॉमसन. त्यांनी चाचण्या करायला घेतल्या त्या इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडच्या खेड्यापाड्यांतली, पुढच्या शाळेत कुणी पाठवत नव्हतं अशी हुशार पोरं सापडावीत म्हणून. मी उलटंच समजून बसलो होतो. गरिबाला अडवायलाच हे काढलं असणार, अशी माझी खात्री होती.

तुम्ही मानसशास्त्रही शिकलात आणि वैद्यकही, मनोविकारांच्या वॉर्डातही काम केलंत. लखकन दिसून गेलेल्या दोन रेघांतली लांब कोणती हे ओळखायला कुणाला किती वेळ लागतो, यावर वर्षं घालवलीत. 2020 साली निवृत्त झालात. एवढ्या कामात आकड्याला डोक्यावर घेतलेलं नाही, पायाखालीही टाकलेलं नाही. मला दोन्हींची सवय होती.

गेल्या वर्षी रजिस्टरांची गोष्ट सांगून झाल्यावर मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, “सर, तुम्हाला किती होते?” मी खडू घेतला आणि फळ्यावर 38 लिहिलं. वर्ग क्षणभर गप्प. मग तीच म्हणाली, “मला 41.”

मनापासून आभार, सर.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक मास्तर