मक्याच्या वाणाचं खोडही तपासा

मा. कृषिमंत्री यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मक्याच्या पैदाशीचं काम करतो. तुरा आला की आम्ही खोडकूज करणारी बुरशी वाढवलेली टूथपिक खोडात टोचतो आणि महिना-सव्वा महिन्यानं खोड उभं चिरतो. एका ओळीत गाभा पांढरा, भरीव. शेजारच्या ओळीत गाभा सडून नुसते तपकिरी धागे उरलेले. कणसं तोलली, तर कित्येकदा दोन्ही ओळी सारख्याच भरतात. पण काढणीआधी वारा सुटला की दुसरी ओळ आडवी होते.

म्हणून विनंती आहे, की वाणाला मान्यता देताना केवळ उत्पादन पाहू नका. कणीस भरताना झाड खोडातली साखर दाण्यांकडे ओढतं. खोड रितं झालं की बुरशीचं फावतं. त्यात खोडकिड्यानं पाडलेली भोकं म्हणजे तिला उघडं दारच. त्यामुळे कीड आणि खोडकूज यांची परीक्षा एकाच वाणावर, दोन्ही मिळून व्हायला हवी. कोवळ्या रोपात डिम्बोआ नावाचं संयुग भरपूर असतं, ते अळीला मानवत नाही. झाड वाढतं तसं ते घटतं. रोपावस्थेतले चांगले गुण पुढे टिकतीलच असं नाही.

ही प्रतिकारशक्ती अनेक जनुकांची मिळून असते, हंगामामागून हंगाम निवड करावी लागते. शेतात कीड सगळीकडे सारखी पडत नाही. अळी पडलीच नाही म्हणून वाचलेलं झाडही चांगलंच दिसतं. म्हणून प्रयोगशाळेत अळ्या वाढवून प्रत्येक झाडाच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांत, मोजून सोडाव्या लागतात. एका वर्षी आमचा निधी उशिरा आला. अळ्या तयार होईपर्यंत मका पोंग्याच्या अवस्थेपुढे गेला होता. अख्खा हंगाम हातचा गेला, याची खंत अजून जात नाही.

अमेरिकन लष्करी अळी २०१६ मध्ये आफ्रिकेत आढळली. सिमिट या आंतरराष्ट्रीय संस्थेनं २०२० च्या अखेरीस तिच्यापुढे तग धरणारे तीन संकरित वाण तिथल्यासाठी जाहीर केले. खोडकिड्याला तोंड देणारं, पैदाशीसाठी आधीपासून जपलेलं बियाणं हाताशी होतं, म्हणून हे जमलं.

आमचं मागणं एवढंच: कीटक-संगोपनाचा खर्च दरवर्षी नव्यानं मागायला लावू नका, तो सलग काही वर्षांसाठी मंजूर करा. आणि कीड व खोडकूज यांच्या परीक्षेत वाणाला मिळालेले गुण बियाण्याच्या पिशवीवर उत्पादनाच्या आकड्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरांत छापायला लावा.

आपला,
एक मका पैदासकार