लीट्रिम पुन्हा कापू नका : आयर्लंडच्या स्थानिक शासन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
गृहनिर्माण, स्थानिक शासन व वारसा विभाग,
आयर्लंड सरकार, डब्लिन.

विषय : रॉसकॉमन–साउथ लीट्रिम हा रद्द झालेला मतदारसंघ आणि पुढच्या फेररचनेत लीट्रिम अखंड ठेवण्याबाबत.

सन्माननीय महोदय,

सादर नमस्कार. मी मूळचा सिंधुदुर्गातल्या मालवण तालुक्यातला. वीसेक वर्षांपासून काउंटी (म्हणजे जिल्हा) लीट्रिममधल्या मोहिल गावात राहतो, वृद्धांच्या देखभाल केंद्रात काम करतो आणि आता आयर्लंडचा नागरिक आहे. हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण इंग्रजीत लिहून झालं. शिवाय मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरांचा मुलगा, लिओ वराडकर, २०१७ साली या देशाचा पंतप्रधान झाला तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले होते. ज्या लोकांनी ते पेढे खाल्ले त्यांना या देशाच्या खेड्यापाड्यांत लोकशाही कशी राबवली जाते हेही कळायला हवं.

काही महिन्यांपूर्वी गावातल्या सभेत सरकारच्या वतीने आलेल्या एका गृहस्थांनी सर्वांदेखत शब्द दिला की, पुढच्या जनगणनेनंतर मतदारसंघांचा नकाशा पुन्हा आखण्यापूर्वी लीट्रिममध्ये येऊन लोकांचं म्हणणं ऐकलं जाईल आणि तसं लेखी कळवलं जाईल. लेखी आलं. मोजून तीन ओळी. सीमा स्वतंत्र आयोग ठरवतो, आपले म्हणणे नोंदवून घेतले आहे, धन्यवाद. पाकिटावर माझ्या पत्त्यात काउंटी लिहिली होती रॉसकॉमन. आमच्या भागाला शेजारच्या रॉसकॉमन काउंटीशी जोडणारा रॉसकॉमन–साउथ लीट्रिम हा मतदारसंघ २०१६ साली संपला. तो संपल्याचं ज्या कार्यालयाला माहीत नाही, ते आमचं म्हणणं कुठे नोंदवणार?

महोदय, हे दुखणं जुनं आहे. २००४ साली सीमा आयोगाने अहवाल दिला, २००५ साली कायदा झाला आणि २००७ च्या निवडणुकीत लीट्रिमचे दोन तुकडे पडले. मॅनरहॅमिल्टनकडचा उत्तर भाग स्लायगोला जोडला, कॅरिक-ऑन-शॅनन आणि मोहिलचा दक्षिण भाग रॉसकॉमनला. दोन्ही मतदारसंघ तीन-तीन जागांचे. २००२ च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीची लोकसंख्या २५,७९९, म्हणजे राज्यघटनेच्या हिशेबाने जेमतेम एका प्रतिनिधीपुरती. त्या एका माणसाइतक्या मतांचे तुम्ही दोन भाग केलेत. व्हायचं तेच झालं. सहा टीडी, म्हणजे इथले खासदार, निवडून आले आणि सहांपैकी एकही लीट्रिमचा नव्हता. लीट्रिममधल्या फिना गावचे जॉन एलिस पडले. १९१९ पासून लीट्रिमचं नाव डॉइलच्या, म्हणजे इथल्या लोकसभेच्या, यादीत आहे, पण २००७ ते २०११ या काळात आमचं नाव फक्त मतदारसंघाच्या पाटीवर होतं, सभागृहातल्या बाकावर नव्हतं.

हे कागदावर वाचायला सोपं आहे. माझी बायको बर्फावरून घसरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा ते काय असतं ते मला कळलं. लीट्रिममध्ये मोठं इस्पितळ नाही, त्यामुळे तिला नेलं ते दुसऱ्या मतदारसंघातल्या इस्पितळात. ऑपरेशनसाठी वाट पाहिली, नंतर घरी मदतनीस मिळावी म्हणून अर्ज केला, अर्ज हरवला. इथे टीडी गाऱ्हाणी ऐकायला बसतात, त्याला क्लिनिक म्हणतात. एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात सांगितलं, इस्पितळ आमच्या हद्दीत नाही, तिकडच्यांना भेटा. तिकडच्यांनी पत्ता विचारला आणि म्हणाले, तुम्ही आमचे मतदार नाही. मी तर तेव्हा कुणाचाच मतदार नव्हतो, ते पुढे सांगतो. बायको आठवडेच्या आठवडे खाटेवर, तिला उठवायला, न्हाऊ घालायला मी एकटा आणि रात्रपाळीही माझीच. माझा पाठीचा त्रास तेव्हापासूनचा आहे आणि तो आता जाणार नाही. तिचं एक पाऊल अजून नीट पडत नाही. कुणी मुद्दाम वाईट वागलं असं मी म्हणत नाही. पण ज्याचं दार वाजवायचं तो माणूसच तुमच्या त्या रेषेने नाहीसा केला होता.

त्याच मतदारसंघात २०११ साली काय झालं ते तुमच्या विभागाच्या दप्तरी असेल. निवडणुकीआधी रॉसकॉमनच्या काउंटी रुग्णालयाचा तातडीचा विभाग वाचवू असं सांगून मतं घेतली आणि जुलै २०११ मध्ये तो बंद केला. तिथले टीडी डेनिस नॉटन यांनी आपल्याच सरकारविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने त्यांना बाहेर ठेवलं. शब्द पाळणाऱ्याला शिक्षा, मोडणाऱ्यांना मंत्रिपदं.

आणि तुम्ही म्हणता सीमा आयोग ठरवतो. आयोग येण्याआधी कोण ठरवत होतं, महोदय? तुमच्याच खुर्चीतला माणूस. १९६९ साली स्थानिक शासनमंत्री केव्हिन बोलंड यांनी लीट्रिमचे तीन भाग केले : एक डोनेगलला, एक रॉसकॉमनला, एक स्लायगोला. तीन! १९७४ साली त्याच खात्याचे मंत्री जेम्स टली यांनी आपल्या आघाडीच्या सोयीने अख्खा देश पुन्हा आखला. १९७७ साली तो डाव त्यांच्यावरच उलटला, विरोधकांनी १४८ पैकी ८४ जागा नेल्या आणि मग कुठे स्वतंत्र आयोगाची अक्कल सुचली. आयोग हवाच. माझं भांडण आयोगाशी नाही, त्याच्या हातात तुम्ही जो कायदा देता त्याच्याशी आहे. त्यात लिहिलंय, काउंटीच्या सीमा 'शक्य तितक्या' मोडू नयेत. २००४ सालीही हेच लिहिलेलं होतं. त्या दोन शब्दांनी आम्हाला किती वाचवलं ते वर सांगितलंच.

समान मताचा नियम मला मान्य आहे. १९६१ साली उच्च न्यायालयाने पश्चिमेला झुकतं माप देणारा १९५९ चा कायदा रद्द केला. १९६८ साली खेड्यांना थोडी सवलत देणारी घटनादुरुस्ती लोकांनी सुमारे ६१ टक्के मतांनी फेटाळली. ठीक आहे, आम्ही जास्त जागा मागत नाही. एका जागेइतकी माणसं आहेत ना, मग ती एका ठिकाणी तरी ठेवा. १८४१ साली या काउंटीत १,५५,२९७ माणसं होती. १९९६ साली उरली २५,०५७. दुष्काळाने नेली, बोटींनी नेली, लंडन आणि न्यूयॉर्कने नेली. उरलेल्यांची पुन्हा वाटणी करताना कुणाचा हात कसा थरथरला नाही?

ज्या काउंटीला तुम्ही भागाकारातली बाकी समजता तिचा इतिहास तुम्हाला सांगायची वेळ मालवणच्या माणसावर यावी, याचं मला वाईट वाटतं. सिन फेन या राष्ट्रवादी पक्षाने संसदेची पहिली निवडणूक लढवली ती इथे, नॉर्थ लीट्रिममध्ये, फेब्रुवारी १९०८ मध्ये. चार्ल्स डोलन यांनी लंडनच्या संसदेतली आपली खासदारकी सोडली आणि नव्या पक्षातर्फे पुन्हा उभे राहिले. १,१५७ मतं पडली, समोरच्या मीहानना ३,१०३. हरले. त्यांच्या प्रचारात राबणारा एक तरुण इथल्या किल्टीक्लॉहरचा होता, शॉन मॅकडर्मट. इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १९१६ च्या उठावानंतर इंग्रजांनी त्याला गोळ्या घातल्या. त्यानंतर दोन वर्षांनी, १९१८ साली, लीट्रिमने डोलन यांचे भाऊ जेम्स यांना निवडून दिलं. १९२७ साली लीट्रिम–स्लायगोचे टीडी जॉन जिंक्स अविश्वास ठरावाच्या वेळी सभागृहात आले नाहीत. मतं पडली ७१ विरुद्ध ७१, सभापतींच्या मताने सरकार तरलं. १९३२ साली प्रचार चालू असताना टीडी पॅट्रिक रेनल्ड्स यांना गोळी घालून मारलं. त्यांच्या पत्नी मेरी रेनल्ड्स उभ्या राहिल्या, निवडून आल्या आणि १९३७ नंतर, लीट्रिम हा स्वतःच्या नावाचा तीन जागांचा मतदारसंघ होता तेव्हा, त्याही इथूनच निवडून जात होत्या. स्वतःच्या नावाचा मतदारसंघ, महोदय! १९४८ साली तो गेला. तेव्हापासून आम्ही कुणाच्या तरी नावाला जोडलेले आहोत.

माझा जन्म राजापूर लोकसभा मतदारसंघातला. नाथ पै आणि मधु दंडवते तिथून दिल्लीला जात. २००८ च्या फेररचनेत राजापूरचं नावही गेलं, त्याची हळहळ आजही गावात ऐकू येते. पण सिंधुदुर्ग जिल्हा तरी अख्खा एका मतदारसंघात राहिला. लीट्रिमच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

२०१५ च्या मे महिन्यात मी या देशात पहिल्यांदा राष्ट्रीय पातळीवरचं मत दिलं, समलिंगी विवाहाच्या सार्वमतात. मी 'हो' म्हणालो. देशातल्या ४३ मतदारसंघांपैकी एकानेच 'नाही' म्हटलं, ५१.४२ टक्क्यांनी, आणि तो होता रॉसकॉमन–साउथ लीट्रिम. दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे मागासलेले ठरलो. ज्या रेषेला आमच्यातल्या कुणी मत दिलं नव्हतं तिने आमची ओळख जगभर छापून टाकली. २०१६ साली रेषा पुसली, लीट्रिम पुन्हा एक झालं. छापलेलं पुसलं गेलं नाही. या राज्याला आमच्याकडे बघायला नेहमीच उशीर होतो. जिमी ग्रॅल्टन या लीट्रिममधल्या एफ्रिनाच्या साम्यवादी माणसाला १९३३ साली खटला न चालवता त्याच्याच जन्मभूमीतून हद्दपार केलं आणि राष्ट्राध्यक्षांनी त्याबद्दल खेद व्यक्त केला २०१६ साली. त्र्याऐंशी वर्षं!

आता मी कुणाचाच मतदार नव्हतो ते. तुमच्या घटनेनुसार जागा ठरतात लोकसंख्येवर, २०,००० ते ३०,००० माणसांमागे एक. मतदारांवर नाही. म्हणजे २००६ च्या जनगणनेत मी मोजला गेलो, २०११ ला मोजला गेलो, माझ्या डोक्याच्या जोरावर इथली जागा टिकली. मत मात्र फक्त स्थानिक निवडणुकीत. आजही माझ्यासोबत काम करणाऱ्या केरळच्या, फिलिपिन्सच्या, ब्राझीलच्या मुली २०२२ च्या जनगणनेतल्या लीट्रिमच्या ३५,१९९ मध्ये धरलेल्या आहेत. ती वाढलेली लोकसंख्या दाखवून तुम्ही लोक भाषणं करता. त्या तुमच्या आईबापांचे डायपर बदलतात आणि डॉइलसाठी त्यांचं मत चालत नाही. ब्रिटिश नागरिकाचं चालतं. त्यासाठी १९८४ साली नववी घटनादुरुस्ती केलीत आणि तिच्या शब्दांत इतर रहिवाशांनाही कायद्याने मत देता येईल अशी सोय ठेवलीत. सार्वमताचीही गरज नाही. साधा कायदा पुरतो.

तर मागणी ऐका. निवडणूक कायद्यातले 'शक्य तितके' हे शब्द काढा आणि ३०,००० च्या आसपास लोकसंख्येची कुठलीही काउंटी दोन मतदारसंघांत तोडता येणार नाही असं स्पष्ट लिहा. हे २०२७ च्या जनगणनेचे आकडे येण्याआधी झालं पाहिजे, नंतर नाही. आयोगाची एक जाहीर सुनावणी लीट्रिममध्ये घ्या, कारण तसा शब्द तुमच्या वतीने दिला गेला आहे. आणि इथे पाच वर्षं राहून कर भरणाऱ्या प्रत्येक रहिवाशाला डॉइलसाठी मत देणारं विधेयक याच डॉइलच्या मुदतीत मांडा. ते पडलं तर कुणी पाडलं हे आम्हाला नावानिशी कळेल.

आपला,
मोहिल, काउंटी लीट्रिम येथील एक मतदार