सायलोत पाणी भरू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शेतातल्या जुन्या, वापरात नसलेल्या सायलोचे, म्हणजे धान्य किंवा चारा साठवायच्या उंच गोल कोठाराचे, काय करावे, यावरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. फोटो सुरेख होते. गोल खोली, पाण्याची टाकी, वर चढून सूर्यास्त बघायचा मनोरा, या कल्पनाही ऐकायला छान वाटतात. माझी सगळी नोकरी धान्यकोठारांची आणि सायलोंची बांधकामे तपासण्यात गेली, त्यामुळे प्रत्येक फोटोत माझी नजर आधी भिंतीवरच्या लोखंडी कड्यांवर गेली. लेखात त्या कड्यांबद्दल एक अक्षर नाही, म्हणून हे पत्र.

घराची भिंत वरचे वजन खाली पोचवते. सायलोच्या भिंतीचे मुख्य काम वेगळे असते: आतला माल बाहेरच्या दिशेने रेटतो, त्याला आवळून धरणे. मुरघासाचे (आंबवून टिकवलेल्या हिरव्या चाऱ्याचे) जुने मनोरे बऱ्याचदा काँक्रीटच्या ओतीव पट्ट्या एकमेकींत बसवून उभारलेले असतात. एकेक पट्टी साधारण पाऊण मीटर लांब, पाव मीटर रुंद, सहा-सात सेंटिमीटर जाड, वजनाला पंचवीस-तीस किलो. या पट्ट्यांना फुटू न देणारी गोष्ट एकच, बाहेरून घातलेली लोखंडी कडी. लाकडी पिंपाला असतात तशीच. कडी गंजली किंवा सैल झाली, तर उरतो तो रचून ठेवलेला ढीग. मनोरा भरलेला असतो तेव्हा आतला रेटा ही कडी ताणून ठेवतो. रिकामा झाला की ती सैलावतात आणि मग जोराचा वारा भिंतीचा गोल बिघडवू शकतो. म्हणून रिकाम्या सायलोची कडी तपासून वेळोवेळी आवळावी लागतात. वापर बंद झाला की हे काम कोणी करत नाही, हे सांगायला नकोच.

आता टाकीकडे वळते. लेखातली मला सर्वांत धास्तावणारी सूचना हीच, कारण ती सर्वांत शहाणपणाची वाटते. एवढे मोठे भांडे उभेच आहे, त्यात पावसाचे पाणी साठवले तर काय बिघडले? बिघडते ते असे. पाण्याचा दाब खोलीच्या प्रमाणात वाढतच जातो. पंधरा मीटर पाणी भरले, तर तळाशी भिंतीच्या दर चौरस मीटरवर पंधरा टन रेटा येतो. धान्य असे वागत नाही. यान्सेन या जर्मन अभियंत्याने १८९५ साली हे मांडले. दाणे भिंतीला घासतात आणि त्या घर्षणामुळे धान्याच्या वजनाचा मोठा भाग भिंतच अंगावर घेते. काही खोलीनंतर बाजूचा दाब वाढायचा जवळजवळ थांबतो. पाच मीटर व्यासाच्या सायलोत गहू स्वस्थ पडून असेल, तर हा दाब दर चौरस मीटरला अडीच टनांच्या आसपास येऊन थबकतो. माल काढताना तो वाढतो, पण ते धरूनसुद्धा गव्हासाठी बांधलेल्या भिंतीत पाणी भरणे म्हणजे तळाशी तिच्यावर कैकपट बोजा टाकणे होय. मुरघासाच्या मनोऱ्यात हिशेब थोडा जास्त दाबाचा असतो, तरी सहसा पाण्याइतका नसतो.

शिवाय मुरघासाच्या मनोऱ्याचा तळ आधीच अशक्त झालेला असतो. चारा आंबताना लॅक्टिक आणि अ‍ॅसेटिक आम्ले तयार होतात, ती रसाबरोबर खाली झिरपतात आणि आतून सिमेंट खातात. बाहेरून पांढरास्वच्छ दिसणारा, पण आत गुडघ्याच्या उंचीला बोटाने खडी निघते, असा मनोरा मी पाहिला आहे. त्याच्या मालकाला तो पिढ्यान् पिढ्या टिकेल अशी खात्री होती.

गोल खोलीच्या कल्पनेतही अडचण तीच. दार-खिडकी काढायची म्हणजे कडी कापायची. केपटाऊनच्या बंदरातल्या जुन्या धान्य-सायलोचे कलासंग्रहालय झाले, ते २०१७ साली उघडले आणि अशा लेखांत त्याचे उदाहरण हमखास येते. तिथल्या काँक्रीटच्या उंच नळ्या कापून मधले भव्य दालन घडवले आहे, हे खरे. पण कापण्याआधी त्या नळ्यांना आतून नव्या काँक्रीटचे जाड अस्तर ओतले होते. तेवढा खर्च आणि तेवढे अभियंते शेतातल्या एकट्या मनोऱ्याच्या वाट्याला येत नाहीत.

आत डोकावण्याविषयीही लिहिते. ताजा मुरघास भरल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत नायट्रोजन डायऑक्साइड तयार होतो. हा वायू हवेपेक्षा जड, पिवळसर-तपकिरी आणि जीवघेणा आहे. वर्षानुवर्षे बंद असलेल्या सायलोत तो धोका राहिलेला नसेल. मात्र तळाशी कुजत पडलेला जुना थर किंवा माल काढण्याचा खड्डा तिथला ऑक्सिजन संपवून टाकू शकतो. अशा हवेला रंग नसतो, वासाचा भरवसा नाही. पहिला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला धावत आत उतरलेला दुसराही तिथेच पडतो. मोबाइलच्या उजेडात ‘जरा बघून येतो’ म्हणणाऱ्यांना म्हणूनच मी दारातून मागे ओढत असे. हवा मोजणारे उपकरण आणि बाहेर दोर धरून बसलेला माणूस नसेल, तर आत जायचे नाही.

मग करायचे काय? माझे मत अनेकांना रुचणार नाही. पट्ट्यांचे बहुतेक जुने मनोरे उतरवून टाकावेत. पण ते वरून खाली, एकेक थर सोडवत आणि या कामाची माहिती असलेल्या माणसांकडून. बुंध्याला एका बाजूने घण घालत राहायचे आणि मनोरा कलला की पळायचे, असे व्हिडिओ लोक हौसेने बघतात. तो कुठल्या बाजूला पडेल हे घण मारणाऱ्याला ठरवता येत नाही. नीट सुटलेल्या पट्ट्या मात्र कामाच्या असतात. पायवाट, वाफ्यांच्या कडा, कमी उंचीचे बांध यांना त्या उत्तम.

बोल्ट लावलेल्या पन्हाळी पत्र्याची गोल कोठी ज्यांच्याकडे आहे, ते नशीबवान. ती उभारतानाच छप्पर आधी जोडतात आणि जॅकने उचलत खाली एकेक वळे वाढवत नेतात. सोडवताना हाच क्रम उलटा लावायचा. उंची कमी करून दुसऱ्या जागी बसवा, दाराच्या भोवती चौकट देऊन पत्र्याला आधार द्या. अवजारांची खोली किंवा बसायची जागा सहज होते. लेखातली गोल खोली हवी असेल तर ती इथे शोभेल.

सळया घालून सलग ओतलेला, तडे न गेलेला काँक्रीटचा सायलो असेल, तर भिंतीला हात न लावणारे उपयोग बघावेत. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिम गावात गिडो व्हॅन हेल्टन या चित्रकाराने २०१६ च्या सुरुवातीला ओळीने उभ्या धान्य-सायलोंवर माणसांची प्रचंड चित्रे पूर्ण केली, आणि एरवी कोणी थांबले नसते अशा गावात लोक गाड्या थांबवू लागले. अमेरिकेत आयोवातल्या सीडर फॉल्सला कडाक्याच्या थंडीत सायलोवर पाणी सोडून बर्फाचा कडा तयार करतात आणि गिर्यारोहक त्यावर सराव करतात. (तिथेही पाणी बाहेरूनच!) यांतले काहीच जमत नसेल आणि मनोरा भक्कम असेल, तर घुबडांना राहू द्यावा. उंदरांचा बंदोबस्त फुकटात होतो.

निर्णय व्हायला वेळ लागतो, घरात चार मते असतात, हे मी जाणते. तोवर निदान बाहेरच्या शिडीचा खालचा भाग काढून ठेवावा, खालची सगळी झडप-दारे कुलूपबंद करावीत आणि मनोऱ्याच्या उंचीइतक्या अंतरात गोठा, गाडी किंवा मुलांचा खेळ असू नये. आपल्याकडेही एक विनंती: या विषयावर पुन्हा छापाल, तेव्हा फोटोतल्या सायलोची तपासणी कोणी केली होती, एवढी एक ओळ फोटोखाली जरूर द्या.

आपली,
एक निवृत्त स्थापत्य अभियंता