फोटोत ताट एकच आहे

कोल्हापूर,
सोमवार

चि. सायली हिस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू पाठवलेले फोटो दादाने आज छापून आणले. एकात टोकियोतल्या निशी-कासाई या भारतीयांच्या वस्तीतील खाणावळीचे ताट आहे, वरण-भात, पोळी, बटाट्याची भाजी आणि लोणचे. दुसऱ्यात टोकियोजवळच्या सायतामाचे ते प्रचंड फुटबॉल स्टेडियम, लाल जर्सी घातलेल्या माणसांनी भरलेले. खाली तू दोनच ओळी लिहिल्या आहेस: दिवस फार छान गेला, आणि कंपनीने मुदत आणखी २ वर्षांनी वाढवल्यामुळे दिवाळीला येणे जमणार नाही. तुझी आई दुसऱ्या ओळीशी थांबली. मी ताटाचाच फोटो पाहत राहिलो, कारण त्यात ताट एकच आहे.

तू एकटीच जेवलीस का? हे विचारायचे नाही, असे ठरवून मी लिहायला बसलो होतो.

तुझा रस्ता मी नकाशावर शोधला. निशी-कासाईहून तोझाई लाईनने ईदाबाशी, तिथे गाडी बदलून नानबोकू लाईन, ती थेट उरावा-मिसोनोपर्यंत जाते, आणि पुढे स्टेडियमपर्यंत सुमारे २० मिनिटे चालायचे. सामना संपल्यावर एवढ्या गर्दीतून ती २० मिनिटे तू कोणाबरोबर चाललीस? गर्दीत माणूस सुरक्षित असतो हे मला कळते, आणि त्या देशात तर अधिकच; माझी काळजी चोराचिलटांची नाही.

तुला आठवत नसेल, पण हे स्टेडियम तू पूर्वी पाहिले आहेस. २००२ च्या विश्वचषकात ब्राझील आणि तुर्कस्तान यांचा उपांत्य सामना तिथेच झाला. आपल्याकडे संध्याकाळचे ५ वाजले होते, तालमीतल्या टीव्हीसमोर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि पाच वर्षांची तू माझ्या मांडीवर बसून, रोनाल्डोच्या डोक्यावर पुढेच तेवढे केस का, असे सारखे विचारत होतीस. सामन्यातला एकमेव गोल त्यानेच केला. त्या मैदानात आज माझी मुलगी स्वतःच्या पैशाने तिकीट काढून बसते, हे मी काल शाहू स्टेडियमवर पाटाकडील संघाच्या सामन्याला तीन जणांना सांगितले, आणि त्यातल्या एकाला दोनदा.

आता थोडे ऐक. दर रविवारी निशी-कासाईलाच जायचे, आपल्याच भाषेत बोलायचे आणि आपलेच जेवायचे, असे करू नकोस. मराठी माणूस तिथे रुजू शकतो. योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये निशी-कासाई ज्यात येते त्याच एदोगावा वॉर्डच्या सभेवर निवडून आले, ते तिथल्या लोकांत मिसळल्याशिवाय कसे झाले असेल? जपानी नीट शिक, कार्यालयातल्या मुलींना घरी जेवायला बोलाव, कांदा-लसूण चटणी पाठवली आहे ती एकटीने संपवण्यासाठी नव्हे. हे वाचताना तुझ्या कपाळावर आठी पडली असेल. दिवसभर काम करून रविवारी वरण-भात खावासा वाटला तर त्यात चूक काय? मी उगाच बोललो, राहू दे.

खरे सांगायचे ते निराळेच आहे. गांधी मैदानावर मुलांबरोबर खेळायला तुला मी बंदी केली, तेव्हा तू आठवीत होतीस. पुढे २०११ मध्ये जपानच्या मुलींनी अमेरिकेला पेनल्टीवर हरवून विश्वचषक जिंकला, आणि ११७ व्या मिनिटाला बरोबरी साधणाऱ्या होमारे सावाचे कात्रण तू कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेस. ते पाहून मी, आता दहावीचे बघ, एवढेच म्हणालो. कात्रण अजून तिथेच आहे. तुझी आई ते काढू देत नाही, आणि आता मीही देणार नाही. बंदीनंतर तू मैत्रिणींकडेही जाईनाशी झालीस, खोलीत पुस्तक घेऊन बसायचीस, आणि मी त्याला शहाणपण समजलो. एकटे राहायची सवय तुला मीच लावली की काय, हे फोटो पाहिल्यापासून मनातून जात नाही.

शेजारच्या खुर्चीतील बाईंनी सामना संपल्यावर कचरा गोळा करायला तुला पिशवी दिली, असे तू आईला फोनवर म्हणालीस. त्यांचे नाव विचारलेस का? त्या दर सामन्याला त्याच जागी बसत असतील, तर पुढच्या वेळी तिकीट त्यांच्याजवळचेच काढ. हाही उपदेशच झाला, क्षमा कर.

दिवाळीचे मनाला लावून घेऊ नकोस. आत्याला मी समजावीन. फराळाचा डबा दादा पोस्टाने पाठवेल, त्यात चकल्या जास्त घालायला सांगितल्या आहेत, म्हणजे कोणाला द्यायच्या झाल्या तर कमी पडणार नाहीत.

ताटापलीकडे पाण्याचे दोन पेले दिसतात, असे तुझी आई म्हणते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले, मला एकच दिसतो. कोणाचे खरे, ते कळव.

तुझे,
बाबा